स्क्रीनवर बारा जागा, हातात वेटिंग: रॅममध्ये ठेवलेल्या आकड्यांचं प्रकरण

गणपती जवळ आले की दरवर्षी तीच बातमी येते. कोकणात जाणाऱ्या गाड्यांचं आरक्षण सकाळी आठला उघडलं आणि काही मिनिटांत वेटिंग लागलं. बातमीखाली तक्रारीही त्याच असतात. ‘बारा जागा दिसत होत्या, पैसे भरेपर्यंत वेटिंग आलं.’ कुणी दलालांना शिव्या घालतं, कुणाला खात्री असते की रेल्वेच खोटे आकडे दाखवते.

दलाल आहेतच. तात्काळचं बुकिंग उघडल्यावर पहिल्या पाच मिनिटांत लॉगिनच्या प्रयत्नांपैकी निम्म्यापर्यंत बॉट्सचे, म्हणजे माणसाच्या जागी बसवलेल्या प्रोग्रामचे, असतात हे रेल्वेने २०२५ मध्ये स्वतःच सांगितलं. अडीच कोटींहून जास्त संशयास्पद खाती बंद केल्याचंही जाहीर केलं. पण उद्या सगळे दलाल गायब झाले तरी ‘बारा दिसल्या, एकही मिळाली नाही’ हा अनुभव संपणार नाही. तुम्हाला दिसलेला ‘बारा’ हा आकडा आणि प्रत्यक्ष विकली जाणारी जागा, या दोन गोष्टी बहुधा वेगवेगळ्या ठिकाणी राहतात. आणि असं मुद्दाम केलेलं असतं.

तिकीट घेणारा एक, बघणारे बारा

रेल्वेने जून २०२५ मध्ये आरक्षण यंत्रणेच्या क्षमतेचे आकडे दिले होते. त्या वेळची यंत्रणा मिनिटाला ३२,००० तिकिटं काढू शकत होती आणि मिनिटाला ४ लाख चौकश्यांना उत्तर देऊ शकत होती. नव्या यंत्रणेचं उद्दिष्ट मिनिटाला दीड लाखांहून जास्त तिकिटं आणि ४० लाखांहून जास्त चौकश्या असं होतं. या आकड्यांमधलं गुणोत्तर बघा. जुन्या यंत्रणेत एका तिकिटामागे साधारण बारा चौकश्यांची तयारी होती, नव्या आराखड्यात सव्वीस-सत्तावीस.

गाडीत जागा आहे का, दुसऱ्या गाडीत आहे का, स्लीपरला नसेल तर थ्री टायरला आहे का, काकांच्या तिकिटाचं कन्फर्म झालं का. बहुतेक लोक बहुतेक वेळ फक्त बघत असतात. बातम्यांच्या साइटवर, बँकेच्या अ‍ॅपवर, क्रिकेटच्या स्कोअरवरही हेच. एक जण लिहितो, शेकडो वाचतात. या वाचणाऱ्यांना दर वेळी मूळ वहीपर्यंत, म्हणजे विक्रीची खरी नोंद जिथे होते त्या डेटाबेसपर्यंत, जाऊ दिलं, तर खरोखर तिकीट काढायला आलेल्याला वहीजवळ पोचताच येणार नाही.

रेल्वेला हे अनेक वर्षांपासून माहीत आहे. आयआरसीटीसीची वेबसाइट २०१४ साली नव्याने बांधली गेली, तेव्हा मिनिटाला २,००० तिकिटांवरून ७,२०० पर्यंत आणि एका वेळी ४०,००० वापरकर्त्यांवरून १ लाख २० हजारांपर्यंत क्षमता गेल्याचं सांगितलं गेलं. त्या साइटच्या पोटात जेमफायर नावाचं सॉफ्टवेअर होतं. ते ज्या जातीचं आहे तिला इन-मेमरी डेटा स्टोअर म्हणतात: माहिती डिस्कवर न ठेवता संगणकाच्या रॅममध्ये, म्हणजे चालू कामाच्या मेमरीत, ठेवणारा साठा. याच जातीतलं आज जगभर सगळ्यात जास्त ऐकू येणारं नाव म्हणजे रेडिस.

रॅम इतकी वेगवान आहे तरी किती?

रॅममधली एखादी नोंद वाचायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक अब्जावा भाग. एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेल्या चिपवरच्या, डिस्कवरून तेच वाचायला साधारण हजारपट वेळ लागतो. जुन्या, फिरत्या हार्ड डिस्कवर लाखपट, कारण तिथे खरोखर एक सुई तबकडीवर योग्य जागी सरकावी लागते.

असल्या आकड्यांनी डोक्यात चित्र उभं राहत नाही, म्हणून सगळं ताणून बघू. रॅमला एक सेकंद लागतो असं धरलं, तर एसएसडीला सुमारे १७ मिनिटं लागतील आणि फिरत्या डिस्कला एक दिवस उलटून वर जवळपास चार तास.

यावर जाणकार लगेच अडवतील: डेटाबेससुद्धा रॅम वापरतोच ना? वापरतो. मायएसक्यूएल असो वा पोस्टग्रेस, सगळे लोकप्रिय डेटाबेस वारंवार लागणारी पानं मेमरीतच धरून ठेवतात. मग वेगळा साठा कशाला? कारण डेटाबेसचा वेळ फक्त वाचण्यात जात नाही. आलेली क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, समजून घेणं, ती कोणत्या मार्गाने सोडवायची ते ठरवणं, तीनचार तक्ते जोडणं, दुसरं कुणी तीच ओळ बदलत नाही ना हे पाहणं, हे सगळं दर वेळी होतं. रेडिससारख्या साठ्याला एक नाव द्यायचं, त्या नावाखाली जे असेल ते तो परत देतो. या नावाला किल्ली म्हणतात. तो विचार करत बसत नाही, आणि तयार उत्तर हातात असल्यामुळे त्याला विचार करायची गरजही नसते. अर्थात सर्व्हरपासून त्या साठ्यापर्यंत नेटवर्कवरून जाऊन यायला अर्धा मिलिसेकंद तरी जातोच, म्हणजे रॅमच्या वेळेच्या हजारो पट. त्यामुळे जाहिरातीत दाखवतात तेवढी जादू प्रत्यक्षात हाती लागत नाही. तरीही मोठ्या क्वेरीच्या तुलनेत हा वेळ किरकोळ असतो.

ओट्यावरचा डबा आणि माळ्यावरची बरणी

घरी वर्षाचं तिखट, हळद बरण्यांमध्ये भरून माळ्यावर किंवा कोठीत असते, आणि ओट्यावर असतो मिसळणाचा डबा. फोडणी टाकताना कुणी माळ्यावर चढत नाही. डब्यातल्या वाट्या सातच, म्हणून रोज लागतं तेवढंच त्यात असतं. वाटी संपली की बरणीतून भरायची, आणि डबा सांडला तर चिडचिड होते पण वर्षाचं तिखट जात नाही. इन-मेमरी साठा हा मिसळणाचा डबा आणि मूळ डेटाबेस ही माळ्यावरची बरणी. अशा पद्धतीने वापरलेल्या साठ्याला कॅशे म्हणतात. हा शब्द तुमच्या फोनच्या सेटिंगमध्ये ‘कॅशे साफ करा’ म्हणून तुम्ही पाहिलाच आहे.

उपमा इथपर्यंतच चालते. बरणीतलं तिखट बदललं म्हणून डब्यातलं खोटं ठरत नाही. डेटाचं मात्र नेमकं तसंच होतं, आणि सगळी डोकेदुखी तिथूनच सुरू होते.

रेडिस नुसता डबा का नाही

कॅशेसाठी मेमकॅश्ड नावाचं सॉफ्टवेअर २००३ पासून होतं. लाइव्हजर्नल या ब्लॉग साइटसाठी ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी ते लिहिलं होतं. त्यात एक किल्ली, तिच्याखाली मजकुराचा एक गठ्ठा, बस्स.

सिसिलीतले प्रोग्रामर साल्वातोरे सानफिलिप्पो यांची गरज वेगळी होती. वेबसाइटवर आत्ता या क्षणी कोण काय बघतंय ते दाखवणारी एक छोटी सेवा ते चालवत होते. प्रत्येक साइटच्या शेवटच्या काही भेटींची यादी ठेवायची, नवी भेट आली की वर टाकायची, जुनी खालून काढायची. डिस्कवरच्या डेटाबेसला हे झेपेना, कारण इथे वाचण्याइतकंच लिहिणंही अखंड चालू होतं. २००९ मध्ये त्यांनी स्वतःचा उपाय लोकांसमोर ठेवला. तो रेडिस, म्हणजे ‘रिमोट डिक्शनरी सर्व्हर’.

रेडिसमध्ये किल्लीखाली नुसता मजकूर नसतो. यादी ठेवता येते, संच ठेवता येतो, गुणांनुसार आपोआप क्रम लागलेली तालिका ठेवता येते. ऑनलाइन गेममधला ‘तुमचा क्रमांक ४,३१२’ हा आकडा काढायला डेटाबेसला सगळ्या खेळाडूंची मोजदाद करावी लागेल. क्रम लावून ठेवलेल्या तालिकेत तो क्षणात मिळतो. शिवाय कोणत्याही किल्लीला मुदत लावता येते. बँकेचा ओटीपी पाच मिनिटांनी मरतो किंवा सिनेमाच्या अ‍ॅपवर खुर्ची निवडली की उलटी मोजणी सुरू होते, असली कामं या मुदतीच्या किल्लीने सहज होतात. वेळ संपली की किल्ली आपोआप नाहीशी, मागून झाडलोट करायला वेगळा प्रोग्राम लागत नाही.

माझ्या मते रेडिसमधली सगळ्यात हुशार गोष्ट मात्र दुसरीच आहे, आणि ऐकताना ती उणीवच वाटते. रेडिस एका वेळी एकच आज्ञा पाळतो. आजच्या सर्व्हरमध्ये प्रोसेसरचे डझनावारी गाभे (कोअर), म्हणजे एकाच वेळी स्वतंत्रपणे काम करणारे भाग, असतात आणि रेडिस आज्ञा चालवताना त्यातला एकच वापरतो. २०२० मधल्या सहाव्या आवृत्तीपासून नेटवर्कवरची देवाणघेवाण एकाच वेळी चालणाऱ्या अनेक धाग्यांत (थ्रेड) वाटता येऊ लागली, पण आज्ञा अजून एकामागोमागच चालतात.

फायदा शेवटच्या जागेपाशी कळतो. एक जागा उरली आहे. सावंतवाडीहून एक जण आणि डोंबिवलीहून एक जण एकाच क्षणी बटण दाबतात. प्रोग्राम ‘आकडा वाच, एक वजा कर, परत लिही’ अशा तीन पायऱ्यांचा असेल, तर दोघांनाही ‘१’ दिसेल, दोघेही शून्य लिहितील आणि एक जागा दोघांना विकली जाईल. रेडिसमध्ये ‘आकडा एकने कमी कर आणि उरलेला सांग’ ही एकच आज्ञा आहे. आज्ञा एकामागोमाग चालतात म्हटल्यावर पहिल्याला शून्य मिळतं, दुसऱ्याला उणे एक. उणे मिळालेल्याला नम्रपणे परत पाठवायचं. कुलपं नकोत, वाट बघणं नको.

याची किंमतही आहे. एखाद्या नवख्याने चालू सर्व्हरवर ‘सगळ्या किल्ल्यांची यादी दे’ अशी आज्ञा सोडली आणि किल्ल्या कोट्यवधी असल्या, तर ती यादी बनेपर्यंत बाकी सगळे ताटकळतात. थोडी थोडी यादी देणारी वेगळी आज्ञा रेडिसमध्ये आहे, पण ती वापरायला हवी हे लोकांना बहुधा साइट एकदा ठप्प झाल्यावरच कळतं.

वीज गेली तर?

हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात पहिल्यांदा येतो आणि तो योग्य आहे. वीज गेली की रॅम कोरी होते.

रेडिसकडे यावर दोन उपाय आहेत. एक, ठरावीक वेळाने सगळ्या साठ्याचा फोटो काढून डिस्कवर ठेवायचा. मग दोन फोटोंच्या मध्ये झालेलं सगळं जाऊ शकतं. दुसरा, बदल करणारी प्रत्येक आज्ञा एका फाइलच्या शेवटी लिहीत जायची आणि पुन्हा सुरू होताना ती फाइल पहिल्यापासून वाचायची. ही फाइल सहसा दर सेकंदाला डिस्कवर पक्की केली जाते, म्हणजे वाईटात वाईट साधारण एका सेकंदाचं काम बुडतं. प्रत्येक आज्ञेला पक्की करायला सांगता येतं, पण मग डिस्कची वाट बघणं परत आलं आणि ज्यासाठी रॅममध्ये शिरलो तो वेग गेला.

एक सेकंद म्हणजे किती? २२ मे २०२५ रोजी सकाळी दहा वाजता एका मिनिटात ३१,८१४ तिकिटं निघाल्याचा विक्रम रेल्वेने नोंदवला. म्हणजे सेकंदाला ५३०. इतक्या लोकांचे पैसे कापले गेले आणि तिकिटाची नोंद मात्र उडाली, हे चालणार नाही. तेच एखाद्या सामन्याच्या कोपऱ्यातला ‘आत्ता किती जण बघत आहेत’ हा आकडा सेकंदभर मागे पडला तर कुणालाही पत्ता लागणार नाही.

म्हणून इन-मेमरी साठा वापरणाऱ्याला कोडच्या आधी एक यादी करावी लागते: हरवलं तर चालेल असं काय, शिळं झालं तर चालेल असं काय, आणि अजिबात चालणार नाही असं काय. लॉगिनची खूण हरवली तर माणूस कुरकुरत पुन्हा पासवर्ड टाकेल. उपलब्ध जागांचा दाखवायचा आकडा थोडा शिळा चालेल. पैसे आणि विकलेली जागा यांची शेवटची नोंद मात्र डिस्कवरच्या, हळू पण पक्क्या वहीतच व्हायला हवी. ही यादी प्रोग्रामरने एकट्याने करू नये असं मला वाटतं. ती धंद्याची आणि ग्राहकाशी असलेल्या नात्याची बाब आहे. पण बहुतेक ठिकाणी ती कुणीच करत नाही आणि प्रत्येक किल्लीला कुणाच्या तरी मनाला येईल ती मुदत लागते.

तर ते ‘बारा’ आले कुठून?

आता उत्तर सोपं आहे. दाखवायचा आकडा कॅशेमधून येतो असं धरा. त्याला समजा तीस सेकंदांची मुदत आहे. एरवी तीस सेकंदांत एखाद्या गाडीची एखादी जागा जाते, कुणाला फरक जाणवत नाही. तात्काळच्या वेळी, वातानुकूलित डब्यांसाठी दहाला आणि बाकीच्यांसाठी अकराला, अख्खा कोटा त्याहून कमी वेळात संपू शकतो. तुम्हाला दिसलेला ‘बारा’ खराच होता, फक्त तो काही सेकंदांपूर्वीचा होता. पैसे भरायला गेलात तेव्हा पक्की वही उघडली आणि तिने ताजं उत्तर दिलं.

मग मुदत एक सेकंदाची करा, असं कुणी म्हणेल. करता येते. जागा विकली गेली की लगेच कॅशेमधला आकडाही खोडता येतो. पण विक्री जितकी जोरात, तितक्या वेळा आकडा खोडला जाणार, आणि खोडलेला प्रत्येक आकडा पुन्हा भरायला मूळ डेटाबेसकडे धाव घेणार. म्हणजे गर्दी सगळ्यात जास्त असते त्याच वेळी कॅशेचा उपयोग सगळ्यात कमी. आकडा किती ताजा हवा आणि साइट किती उभी राहायला हवी, यातला सौदा कुठेतरी करावाच लागतो. माझी तक्रार एवढीच की शिळा असू शकणारा आकडा ठाम अक्षरात दाखवू नये. ‘दहा सेकंदांपूर्वी १२’ असं लिहिलं तर निम्मा संताप कमी होईल.

वेगासाठी ठेवलेली गोष्टच साइट पाडते तेव्हा

२३ सप्टेंबर २०१० रोजी फेसबुक सुमारे अडीच तास बंद पडलं. चार वर्षांतला सगळ्यात वाईट दिवस, असं कंपनीने स्वतः लिहिलं. कुणी हल्ला केला नव्हता. कॅशेमध्ये चुकीची सेटिंग सापडली की ती मूळ साठ्यातून आणून दुरुस्त करणारी एक आपोआप चालणारी यंत्रणा होती. त्या दिवशी मूळ साठ्यातच एक बदल झाला जो यंत्रणेला चुकीचा वाटला. मग प्रत्येक सर्व्हर तो दुरुस्त करायला डेटाबेसकडे धावला. सेकंदाला लाखो क्वेरींखाली डेटाबेस गुदमरला आणि त्रुटीचे संदेश देऊ लागला. त्रुटी आली म्हणजे सेटिंग चुकीची, असं समजून सर्व्हरांनी कॅशेमधली किल्ली खोडली. किल्ली नाही म्हणून पुन्हा डेटाबेसकडे. मूळ चूक दुरुस्त झाल्यावरही हे चक्र थांबेना. शेवटी त्या डेटाबेसकडे जाणारी सगळी वाहतूक तोडावी लागली, म्हणजे साइटच बंद करावी लागली, आणि मग हळूहळू लोकांना परत आत घेतलं गेलं.

याला कॅशेवरची चेंगराचेंगरी म्हणता येईल. लहान प्रमाणात ती रोज होते. लोकप्रिय किल्लीची मुदत संपते आणि त्याच क्षणी हजार जणांना ती हवी असते. हजारही जण डेटाबेसला तोच प्रश्न विचारतात. फेसबुकच्या अभियंत्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात यावरचा त्यांचा उपाय आहे: किल्ली सापडली नाही तर पहिल्या विचारणाऱ्याला एक टोकन द्यायचं आणि तोच डेटाबेसकडे जाईल, बाकीच्यांनी जरा थांबून पुन्हा कॅशेमध्ये बघायचं. सगळ्यात त्रासदायक किल्ल्यांसाठी डेटाबेसवरचा कमाल भार यामुळे सेकंदाला १७,००० क्वेरींवरून १,३०० वर आला. याहून साधा उपाय म्हणजे मुदतीत थोडी फेरफार करणं. सगळ्या किल्ल्यांना नेमकी ३०० सेकंद न देता कुणाला २८०, कुणाला ३२०. मग सगळ्या एकदम मरत नाहीत.

मग आणखी सर्व्हर लावा ना!

एका यंत्राची रॅम पुरेनाशी झाली की डेटा अनेक यंत्रांवर वाटतात. रेडिसने २०१५ पासून यासाठी पक्की पद्धत दिली आहे. प्रत्येक किल्लीच्या नावावर एक गणित करून तिला १६,३८४ खणांपैकी एक खण ठरतो, आणि हे खण यंत्रांमध्ये वाटलेले असतात. यंत्र वाढवलं की काही खण तिकडे सरकवायचे. शिवाय प्रत्येक यंत्राची एक जुळी प्रत दुसरीकडे चालू असते. मुख्य यंत्र मेलं की प्रत पुढे येते.

इथे दोन खाचखळगे आहेत. पहिला, मुख्य यंत्र ‘झालं’ असं आधी सांगतं आणि प्रतीला मागाहून कळवतं. मधल्या क्षणी ते बंद पडलं, तर ‘झालं’ म्हटलेली नोंद कुठेच राहत नाही. वर केलेली ती यादी इथे पुन्हा कामाला येते.

दुसरा जास्त चिवट आहे. वाटणी किल्लीनुसार होते, गर्दीनुसार नाही. चतुर्थीच्या आदल्या रात्रीच्या कोकणकन्येच्या उरलेल्या जागांचा आकडा ही एक किल्ली आहे असं धरलं, तर ती एकाच खणात, म्हणून एकाच यंत्रावर. मुंबई, ठाणे, पनवेल सगळे तिच्याच मागे. दहा यंत्रांची शंभर केली तरी बाकीची नव्याण्णव शांत बसतात आणि हे एक तापतं. वाचणाऱ्यांसाठी त्या आकड्याच्या प्रती काढून वाटता येतात, अगदी प्रत्येक वेब सर्व्हरच्या स्वतःच्या मेमरीतही सेकंदभर ठेवता येतात. पण ‘एक कमी कर’ हे मात्र एकाच ठिकाणी व्हायला हवं, नाहीतर तीच जागा दोनदा विकली जाईल. तिथे शेवटी रांग लावण्यावाचून इलाज नसतो. आणि यंत्रणा मिनिटाला ३२,००० तिकिटं काढो वा दीड लाख, गाडीला डबे तेवढेच राहतात. यंत्रणा वेगवान झाली की वेटिंग लागायला चार मिनिटांऐवजी एक मिनिट लागेल, एवढंच.

माझी माहिती दुसऱ्याला दिसली तर?

ही शंका काल्पनिक नाही. २० मार्च २०२३ रोजी चॅटजीपीटी काही तास बंद ठेवावं लागलं, कारण काही वापरकर्त्यांना दुसऱ्यांच्या संवादांची शीर्षकं दिसत होती. रेडिस नीट चालू होता. बिघाड होता त्याच्याशी बोलणाऱ्या, पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या लायब्ररीत, म्हणजे तयार कोडच्या संचात. एका वापरकर्त्याची विनंती नेमक्या नको त्या क्षणी रद्द झाली की तिचं उत्तर त्या जोडणीत तसंच पडून राही, आणि पुढे तीच जोडणी मिळालेल्या दुसऱ्याला ते दिलं जाई. ठरावीक नऊ तासांत सक्रिय असलेल्या पैसे भरणाऱ्या सदस्यांपैकी १.२ टक्के लोकांची काही देयक-माहिती, उदाहरणार्थ कार्डाचे शेवटचे चार आकडे, दुसऱ्याला दिसली असण्याची शक्यता कंपनीने मान्य केली.

कॅशेकडे तात्पुरती गोष्ट म्हणून बघितलं जातं, त्यामुळे सुरक्षेची तपासणी बहुधा डेटाबेसपाशीच थांबते. पण लॉगिनच्या खुणा, ओटीपी, प्रोफाइल हे सगळं त्या ‘तात्पुरत्या’ जागीच असतं. अशा साठ्याला पासवर्ड न लावता तो इंटरनेटवर उघडा ठेवण्याचा प्रकार पूर्वी इतका होई, की २०१६ पासून रेडिस पासवर्डशिवाय बाहेरच्या जोडण्या आपणहून नाकारू लागला.

हे फुकट आहे का?

बरंचसं. मार्च २०२४ मध्ये रेडिसच्या कंपनीने मुक्त परवाना, म्हणजे कोड कुणालाही वापरायची आणि बदलायची मुभा, बदलला, मोठ्या क्लाउड कंपन्यांनी तो फुकट घेऊन विकू नये म्हणून. आठवड्याभरात लिनक्स फाउंडेशन या मुक्त सॉफ्टवेअरचे प्रकल्प सांभाळणाऱ्या संस्थेच्या छत्राखाली जुन्या मुक्त आवृत्तीवरून व्हॅल्की नावाची शाखा निघाली, तिला अ‍ॅमेझॉन आणि गूगल यांचं पाठबळ मिळालं. मे २०२५ मध्ये रेडिसनेही एक मुक्त परवाना पुन्हा देऊ केला. नव्याने सुरुवात करणाऱ्याला दोन्हींतला फरक बराच काळ जाणवणार नाही, मूळ आज्ञा त्याच आहेत.

आमच्या छोट्या अ‍ॅपला हे हवं का?

बहुधा नको. दवाखान्याच्या वेळा, सोसायटीचा हिशेब, शंभर दुकानांची मागणी नोंदवणारं अ‍ॅप, एवढ्यासाठी एक बरा डेटाबेस पुरून उरतो. साइट हळू आहे म्हणून कॅशे लावायला सांगणारे खूप भेटतात, आणि आत बघावं तर डेटाबेसमध्ये साधा इंडेक्स, म्हणजे पुस्तकामागच्या सूचीसारखी नोंद पटकन शोधून देणारी सूची, नसतो. इंडेक्स लावला की दोन सेकंदांची क्वेरी काही मिलिसेकंदांत येते आणि शिळ्या आकड्यांची कटकट मागे लागत नाही.

तरी लावायचाच असेल, तर मेमरीची कमाल मर्यादा पहिल्याच दिवशी ठरवा. आजच्या सर्व्हरवर रेडिस आपणहून कोणतीच मर्यादा घालत नाही, आणि मर्यादा घातली तरी ती भरल्यावर जुन्या किल्ल्या टाकून द्यायच्या हे त्याला वेगळं सांगावं लागतं. नाहीतर तो नवी नोंद घ्यायलाच नकार देतो. सांगितलं तरी ‘सगळ्यात जुनी’ किल्ली तो काटेकोर शोधत नाही. पाच किल्ल्या अंदाजे उचलतो आणि त्यातली सगळ्यात जास्त काळ न वापरलेली टाकतो. व्यवहारात तेवढ्याने भागतं.

आणि शंभरातल्या किती विचारणांना कॅशेमधूनच उत्तर मिळालं, या टक्केवारीवर लक्ष ठेवा. ९९ वरून ९८ म्हणजे एकाच टक्क्याची घट, आलेखात ती दिसतही नाही. पण डेटाबेसकडे आधी शंभरातली एक विचारणा जात होती, आता दोन जातात, म्हणजे त्याच्यावरचा भार दुप्पट झालेला असतो.